शून्याव्या घरात

फ्लातविकच्या बंदर कचेरीत मी पोचलो तेव्हा
सकाळचे अकरा वाजले होते आणि अजून उजाडायचं होतं.
स्टेनवरने वर न बघता खुर्ची दाखवली.
पडद्यावर सी भाषेतल्या बारा ओळी,
बारा ओळींत सारा गाव.

एकसष्ट नावा, एकसष्ट नावं.
बोट रेडिओवर बोलते: मी अमुक, अमक्या ठिकाणी, सगळं ठीक.
प्रोग्राम ते नाव घेऊन तक्त्याच्या पहिल्या घरापासून निघतो.
पोस्टमनसारखा नव्हे, पोस्टमनला पत्ता ठाऊक असतो;
वर्गणी मागणाऱ्यासारखा, दार न चुकवता.
तूच का ती? नाही.
तूच का? नाही. पुढे.

त्यात तिची एक युक्ती:
निघण्याआधी, शोधायचं तेच नाव
ती शेवटच्या रिकाम्या घरात लिहून ठेवी.
मग तक्ता संपला का, हे पावलोपावली बघायला नको,
काहीतरी सापडणारच.
फक्त अखेरीस एकदा विचारायचं,
सापडलं ते खरंच होतं
की आपणच ठेवलेलं?
मी हसलो होतो. चोवीस वर्षांचा होतो.

रेक्याविकहून मला धाडलं होतं ते हे जलद करायला.
मी नावं वर्णानुक्रमे लावली,
तक्ता मधोमध चिरला, मग अर्धा, मग पाव.
एकसष्ट घरं, फार तर सहा प्रश्न.
स्टेनवर म्हणाली, बघ.
एवढंच. बघ.

तिसऱ्या रात्री आउसरून बोलली.
यंत्राचं उत्तर: उणे एक.
अशी बोट नाही.
मी पुन्हा टाइप केलं. उणे एक.
आणि तिकडून ह्यर्लेवुर शिंकतोय, इंजिन धडधडतंय,
कुणीतरी मागे पातेलं आपटतंय,
नसलेल्या बोटीवर रात्रीचं जेवण चाललंय.

डोक्यावर तिरकी रेघ घेतलेलं आमचं आउ,
शाळेत दुसरं अक्षर म्हणून गिरवलेलं;
यंत्राच्या लेखी ते झेडच्याही पलीकडचं.
मी शाळेच्या क्रमाने मांडलं, ते स्वतःच्या क्रमाने शोधत होतं.
दोघांचंही बरोबर, आणि मध्ये समुद्र.

पहाटे स्टेनवरने जुन्या बारा ओळी परत बसवल्या.
बोलली काहीच नाही. माझ्या कपात कॉफी ओतली, स्वतःच्या कपाआधी.

तेव्हा मी तिचा जुना तक्ता पहिल्यांदा नीट वाचला.
शून्याव्या घरात तेइस्ता.
पुढच्या रकान्यात शेवटचं बोलणं: चौऱ्याऐंशी, फेब्रुवारी.
ही काढायची राहिली, मी म्हणालो.
काढली तर साऱ्यांना एकेक घर सरकावं लागेल, ती म्हणाली.
मी म्हणालो, ते तर यंत्र करतं, क्षणात.
हो, ती म्हणाली, आणि खिडकीवरचा बर्फ नखाने खरवडत राहिली.

केतिल तिचा भाऊ, हे मला बेकरीत कळलं.

मग मी हिशेब केला.
साठ बोटी, दिवसातून दोनदा,
सकाळी निघताना, संध्याकाळी परतताना,
दरवेळी पहिलं दार तेच.
तूच का ती?
सी भाषेची रीत उलटी: दोन नावं तंतोतंत जुळली
तर उत्तर येतं शून्य.
एकशेवीस वेळा विचारणा, सात वर्षं,
आणि एकदाही शून्य आलं नाही.

स्टेनवर निवृत्त झाली. मग यंत्रं बदलली,
आता उपग्रह सांगतो कोण कुठे.
तक्ता मी नव्या यंत्रावर नेला, जसाच्या तसा, त्याच क्रमाने.
वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं,
साऱ्यांना सरकावं लागेल.

एकदाच, कचेरीत कुणी नसताना,
मी रेडिओची वाट न पाहता तेइस्ता टाइप केलं.
सहा प्रश्न नव्हेत, साठ नव्हेत.
एकच तुलना.
शेवटी ठेवलेल्या नावापर्यंत जावंच लागलं नाही.
साऱ्या बंदरात सगळ्यांत लवकर सापडणारी बोट तीच.